जाळ्याचा दोर

घर बांधणे कठीण असते, हे सर्वच जाणतात. परंतु बांधून झालेल्या घरात काय आणावे आणि काय आणू नये हे ठरविणे त्याहूनही कठीण असते, याची जाणीव थोड्यांनाच असते. भिंत चुकली तर गवंडी ती पाडून पुन्हा उभारून देतो. घरात आणलेली वस्तू चुकली, तर ती चूक घरातल्या माणसांच्या सवयींत शिरते. आणि तेथून तिला बाहेर काढणे कोणत्याही गवंड्याला साधत नाही.

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे खाडीजवळचे गाव. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर या परिसराचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील अनेक गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्र ओलांडून येणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जवळच्याच विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे भरतीच्या पाण्यावर बगळे उतरत, तेथे विमाने उतरू लागली. अशा या गावात जुन्या कौलारू घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहावीत, यात नवल ते काय?

तसेच एक घर येथे उभे राहिले. त्यात आजोबा, आजी, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि इयत्ता सातवीत शिकणारी नात अशी पाच माणसे राहावयास आली. मुलगा बंदराजवळच्या कंटेनरच्या आवारात नोकरीला होता. महिन्यातून कित्येक रात्री तो कामावर असे.

जुने घर आजीच्या हातांना पाठ होते. अंधारातही तिचा हात नेमका दिव्याच्या बटणावर पडत असे. नव्या घरात बटणे नव्या जागी गेली होती. श्रावणातल्या एका रात्री ती पाणी पिण्यासाठी उठली, भिंत चाचपडत पुढे गेली, आणि उंबऱ्याला पाय अडखळून पडली. मनगटाचे हाड मोडले. त्या रात्री मुलगा कामावर होता. सकाळी घरी आल्यावर आईचा प्लास्टरमध्ये घातलेला हात पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मात्र त्याच दिवशी त्याने मनाशी एक निश्चय केला, आणि दिवाळीचा बोनस हातात पडताच एक यादी तयार केली.

त्या यादीत सहा वस्तू होत्या : माजघरात लावावयाचा कॅमेरा, आज्ञा देताच लागणारे दिवे, बोललेले ऐकून उत्तर देणारा स्पीकर, अंक दाबून उघडणारे कुलूप, भिंतीएवढा दूरचित्रवाणी संच आणि मोबाइलवरून थंडी कमीजास्त करता येणारा फ्रीज. या साऱ्या वस्तू इंटरनेटला जोडलेल्या असणार होत्या.

पनवेलच्या दुकानात मुलगा, सूनबाई आणि नात अशी तिघे गेली. दुकानातील तरुण विक्रेता मोठा बोलका होता. त्याने मोबाइलवर बोट फिरविले आणि दिवे निळे झाले. बोट पुन्हा फिरविले आणि पडदे सरकले. “साहेब, तुम्ही कामावर असा, गावाला असा, सारे घर तुमच्या खिशात!” तो म्हणाला. मुलगा भारावून गेला. कामावर असतानाही आई डोळ्यांसमोर राहील, याहून अधिक त्याला काय हवे होते?

नातीने मात्र हळूच विचारले, “आणि नेट गेले तर?”

“नेट आजकाल जात नाही, ताई!” विक्रेता हसून म्हणाला. त्या उत्तराने नातीचे समाधान झाले नाही. कारण गव्हाणच्या पावसात काय काय जाते, हे तिला ठाऊक होते. खरेदी एक दिवस पुढे ढकलून, वस्तूंची माहितीपत्रके घेऊन तिघेही घरी परतली.

त्या संध्याकाळी ओटीवर बैठक बसली. आजोबांच्या डोळ्यांना आता अक्षरे दिसत नसत. म्हणून नात मोठ्याने वाचू लागली. ऐकता ऐकता आजोबांना आपल्या वडिलांनी आणलेला पहिला रेडिओ आठवला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. पण तेथील आवाज खाडीकाठच्या घरांत पोहोचावयास पुढे कित्येक वर्षे लागली. रेडिओ घेणे त्या काळी सोपे नव्हते. पैसे मोजल्यावरही काम संपत नसे. त्यासाठी परवाना काढावा लागे आणि वेळच्या वेळी टपाल कचेरीत शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकात ती अट सुटली. बॅटरीवर चालणारा तो लहानसा रेडिओ ओटीवर ठेवला की, आजूबाजूची मंडळी बातम्या ऐकण्यासाठी गोळा होत.

“पण त्या रेडिओचे एक बरे होते,” आजोबा म्हणाले, “तो फक्त बोलत असे. आपण काय बोलतो, ते ऐकत नसे.”

सारे हसले, परंतु आजोबांनी विनोद केला नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीकडे बोट दाखविले. तेथे त्यांचे जुने पाग टांगलेले होते. पाग म्हणजे उथळ पाण्यात फेकावयाचे गोल जाळे. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, आणि मध्यावर बांधलेल्या दोराचे दुसरे टोक फेकणाऱ्याच्या मनगटाला असते.

“पोरी,” आजोबा नातीला म्हणाले, “या इंटरनेटलाही तुम्ही जाळेच म्हणता ना? मग जाळ्याविषयी जे विचारायचे, तेच याविषयी विचारावे. जाळे किती मोठे, किती चकचकीत, हे कोणी विचारत नाही. त्याचा दोर कोणाच्या मनगटाला आहे, ते पाहायचे. दोर आपल्या हाती असेल, तर आपण कोळी. दुसऱ्याच्या हाती असेल, तर आपण मासळी.”

नातीने वहीचे शेवटचे पान उघडले, आणि प्रत्येक वस्तूला विचारण्यासाठी चार प्रश्न लिहिले. ही वस्तू कोणाची कोणती अडचण दूर करते? नेट गेले तर ती काम करते काय? ती जे पाहते व ऐकते, ते कोठे जाते? आणि ती किती वर्षे सांभाळली जाईल?

हे प्रश्न मुलीच्या वहीतले असले, तरी पोरकट नव्हते. जगातील शहाण्यासुरत्या माणसांनाही ते फार उशिरा सुचले आहेत. पूर्वी पंखा विकत घेतला की, दुकानदाराशी असलेला संबंध तेथेच संपत असे. पंखा आपला, वाराही आपला. इंटरनेटला जोडलेली वस्तू तशी नसते. मोबाइलवर बोट फिरविताच खोलीतला दिवा लागतो, तेव्हा ती आज्ञा पुष्कळदा तडक दिव्याकडे जात नाही. ती दूरदेशी असलेल्या, कंपनीच्या ताब्यातील संगणकाकडे जाते आणि तेथून परत येऊन दिवा लावते. तो संगणक बंद पडला, किंवा कंपनीने तो बंद केला, तर घरातला दिवा धडधाकट असूनही मुका होतो. अमेरिकेत असे घडलेही आहे. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे, घरातील निरनिराळ्या वस्तू एकत्र जोडणारे एक यंत्र सुमारे ३०० डॉलरांना विकले जात असे. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि मे २०१६ मध्ये त्या यंत्राची दूरची सेवाच बंद करण्यात आली. ज्यांनी पुरे पैसे मोजले होते, त्यांच्या घरी ते यंत्र केवळ एक शोभेची डबी होऊन राहिले.

दुसरे उदाहरण त्याहून विलक्षण आहे. बाजारात येणाऱ्या कित्येक कॅमेऱ्यांना कारखान्यातच एक ठरावीक परवलीचा शब्द दिलेला असे, आणि विकत घेणारे तो कधी बदलत नसत. सर्व घरांना एकच किल्ली लागावी, तशातलाच हा प्रकार! २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रणालीने हे नेमके हेरले. जगभरच्या घरांतील कॅमेरे आणि राउटर यांत ती शिरली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांचा एकदम मारा करून तिने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. ज्यांच्या घरातले कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे ब्रिटनने कायदाच केला. २९ एप्रिल २०२४ पासून तेथे असे सहज ओळखता येणारे ठरावीक परवलीचे शब्द देऊन वस्तू विकण्यास बंदी आहे. शिवाय तिच्या सुरक्षिततेची दुरुस्ती किमान किती काळ केली जाईल, हेही सांगावे लागते. नातीचा चौथा प्रश्न तो हाच!

माहिती कोठे जाते, हा तिसरा प्रश्नही काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१७ साली दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या एका कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले. घरोघरची माणसे पडद्यावर काय पाहतात, याची नोंद तिचे संच त्यांच्या नकळत करीत होते, असा तिच्यावर आरोप होता. भारतातही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदाही केला. परंतु कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत काय घ्यावयाचे, हे घरातल्या माणसांनीच ठरवावे लागते.

ओटीवर एकेका वस्तूची तपासणी सुरू झाली. फ्रीजचा निकाल लवकर लागला. मोबाइलवरून फ्रीजची थंडी बदलण्याची गरज घरात कोणालाच नव्हती. “चार पावले चालले की हात पोहोचतो,” सूनबाई म्हणाली. तिने त्याऐवजी वीज किती लागते ते पाहिले. २००६ सालापासून आपल्याकडे विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी येऊ लागली. तारे जितके अधिक, तितकी वीज कमी. आणि फ्रीजवरच्या चिठ्ठीत वर्षाला किती युनिट वीज लागेल, तेही लिहिलेले असते. खाडीकडच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून पत्र्याचा रंग कसा आहे आणि पनवेलमध्ये दुरुस्ती होते की नाही, हेही विचारावयाचे ठरले.

कुलपाचाही निर्णय झाला. घरात दिवसभर कोणी ना कोणी असतेच. मग पितळेच्या किल्लीने काय घोडे मारले होते? दूरचित्रवाणी संच घ्यावा, पण भिंतीएवढा नव्हे; आणि पहिल्याच दिवशी त्याच्या मांडणीत शिरून, पाहिल्याची नोंद पाठविण्याची परवानगी काढून घ्यावी, असे ठरले. हे काम नातीकडे आले.

स्पीकरची पाळी आली, तेव्हा सर्वांना वाटले की, आजोबा तो तत्काळ नाकारतील. परंतु ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तो घड्याळ सांगतो काय?”

“सांगतो. बातम्याही लावतो. अभंगही लावतो,” नात म्हणाली.

“मग तो मला हवा,” आजोबा म्हणाले. डोळे गेल्यापासून किती वाजले, हे दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते, याचे त्यांना मनातून वाईट वाटत असे. ही त्यांची अडचण घरात आजवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. स्पीकर घ्यावयाचे ठरले. मात्र तो ओटीवर असावा, कोणाच्या झोपण्याच्या खोलीत नसावा, आणि ज्या बटणाने त्याचे कान बंद करता येतात, ते बटण कोठे आहे हे आजोबांच्या बोटांना पहिल्या दिवशीच शिकवावे, असेही ठरले. संशय घेणाऱ्याने सर्वच नाकारावे असे नाही. पाहून, पारखून घ्यावे, एवढाच संशयाचा अर्थ असतो.

शेवटी माजघरातल्या कॅमेऱ्याचा प्रश्न राहिला. मुलाच्या यादीत तोच पहिला होता, आणि त्याच्याविषयी बोलावयास कोणी धजत नव्हते. आजी इतका वेळ गप्प होती. मोडलेला हात बरा झाला होता. तरी सवयीने तो मांडीवर धरून ती बसली होती.

“आई, तुझ्यासाठीच आहे तो,” मुलगा म्हणाला. “मी रात्री कामावर असतो. तू पडलीस तर मला कळायला नको का?”

आजी हलकेच म्हणाली, “बाळा, मी पडले ती अंधारामुळे. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते म्हणून नाही पडले.”

ओटीवर शांतता पसरली. आजी पुढे म्हणाली, “दुपारी मी केस सोडून बसते. कधी तुझ्या बाबांशी भांडते. कधी एकटीच जुन्या घराची आठवण काढून रडते. ते सगळे तिकडे तुझ्या कामावर दिसायचे, तर मग मी बसू कुठे?”

मुलाची मान खाली गेली. आईवरील मायेपोटी आपण तिच्यावर पहारा बसवीत होतो, हे त्याला आता उमगले. माया आणि पहारा यांचे कापड पुष्कळदा एकाच रंगाचे दिसते. हात लावून पाहिल्यावाचून त्यातला भेद कळत नाही. वस्तू निवडताना त्याने कॅमेऱ्याचे सारे गुण पाहिले होते. फक्त ज्या माणसासाठी तो आणावयाचा, त्या माणसाला विचारले नव्हते.

तेव्हा नातीने माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरील एक लहानसा दिवा दाखविला. माणसाच्या अंगातून सदैव डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. त्या दिव्यात हे किरण ओळखणारा एक संवेदक असतो. माणूस समोरून जाऊ लागताच दिवा आपोआप लागतो, आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. त्याला इंटरनेट लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. आत बॅटरी असल्याने घरातली वीज गेली तरी तो चालतो. तो कोणाचे चित्र काढीत नाही आणि कोणाला काही कळवीत नाही. त्याची किंमत कॅमेऱ्याच्या मानाने अगदीच थोडी होती.

असे चार दिवे आले : पलंगापाशी, उंबऱ्यापाशी, पाण्याच्या माठापाशी आणि न्हाणीच्या दाराशी. आजीच्या उशाशी एक बिनतारी घंटेचे बटण आले. ते दाबले की सूनबाईच्या खोलीत घंटा वाजावी. कॅमेराही आला, पण तो बाहेर, फाटकावर. त्याची दृष्टी अंगणापुरती ठेवली. शेजाऱ्यांच्या दाराकडे वळू दिली नाही. त्यातील चित्रे घरातल्याच कार्डावर राहतील अशी व्यवस्था केली, आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच संध्याकाळी बदलला. नवा शब्द कोणता ठेवावा, यावर बरीच चर्चा झाली. तो शब्द अर्थातच येथे सांगता येणार नाही.

पुढल्या वर्षी आषाढात एका रात्री धुवाधार पाऊस कोसळला. वारा खाडीवरून घोंगावत आला. दहाच्या सुमारास वीज गेली आणि तिच्यामागोमाग घरातले इंटरनेटही गेले. ओटीवरचा स्पीकर मुका झाला. फाटकावरचा कॅमेरा आंधळा झाला. दूरचित्रवाणी संच काळ्या पाटीसारखा भिंतीवर राहिला. मध्यरात्री आजी पाणी पिण्यासाठी उठली. तिने पाय खाली ठेवताच पलंगापाशी मंद उजेड पडला. ती दोन पावले चालली, आणि उंबरा उजळला. माठापाशी जाऊन तिने पाणी घेतले, आणि ती सावकाश परत फिरली. तिच्यामागे एकेक दिवा विझत गेला.

ती पलंगावर येऊन टेकते न टेकते तोच उशाशी ठेवलेला मोबाइल वाजला. कंटेनरच्या आवारातून मुलगा बोलत होता. माजघरात कॅमेरा न लावण्याचे ठरल्यापासून, रात्रपाळीला असला म्हणजे मधल्या सुटीत घरी फोन करण्याची त्याने सवय लावून घेतली होती. ही वेळ आजीच्या जागण्याची असते, हे तो जाणून होता.

“आई, पाऊस फार आहे. बरी आहेस ना?”

“बरी आहे रे,” आजी म्हणाली. “तू जेवलास का?”